महदाइसेचे धवळे आणि त्यांचा प्रसंग : प्रस्तावना

मराठीतली पहिली कवयित्री कोण, या प्रश्नाचे उत्तर स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही गाईडात सापडते : महदंबा. एका गुणाचा प्रश्न, एका शब्दाचे उत्तर, आणि विषय तिथेच मिटतो. महदंबा ऊर्फ महदाइसा ही बाई कोण, तिने काय रचले, कुणापुढे म्हटले आणि ते कुणी, कशासाठी टिपून ठेवले, हे विचारायला सहसा कुणी थांबत नाही. पहिलेपणाचा मान हा तिच्याविषयीचा सर्वांत कमी महत्त्वाचा तपशील आहे, असे माझे मत आहे. तेराव्या शतकातल्या या बालविधवेची कविता आपल्यापर्यंत तिच्या प्रसंगासह आली, हे खरे महत्त्वाचे. कविता कधी झाली, कोणत्या गावात, कुणाच्या आज्ञेवरून, समोर कोण बसले होते, हे सगळे आपल्याला माहीत आहे. जुन्या भारतीय कवयित्रींपैकी फार थोड्यांच्या वाट्याला हे आले. बाकीच्यांची कुठे नुसती नावे उरली, कुठे नुसत्या ओळी, तर कुठे नुसत्या दंतकथा. म्हणून या पुस्तकाचा सगळा भर एकाच विधानावर आहे : जुनी कवयित्री टिकते ती केवळ प्रतिभेवर नव्हे, तर तिच्या बोलण्याचा प्रसंग टिपण्याजोगा मानणारी मंडळी तिच्याभोवती असतील तरच. आणि ज्या कवितेचा प्रसंग टिकला आहे ती प्रसंग सोडून वाचणे म्हणजे ती अर्धीच वाचणे.

हे विधान तपासायला जपानइतके चांगले ठिकाण नाही. आजचे क्योतो राजधानी असताना, ७९४ ते ११८५ या हेइआन कालखंडात, तिथल्या दरबारात कविता हा रोजचा व्यवहार होता. एकतीस अक्षरांच्या ‘वाका’ या काव्यप्रकारात प्रेमाची कबुली द्यायची, तेवढ्याच अक्षरांत नकार कळवायचा, रात्र सरल्यावर घरी परतलेल्या प्रियकराने सकाळी कविता धाडली नाही तर त्याचा अर्थ ओळखायचा, अशी ती रीत. पुरुषांची विद्वत्ता आणि राज्यकारभार चिनी भाषेत चाले. बायकांच्या वाट्याला आली बोलभाषा आणि ती लिहिण्याची काना ही सोपी लिपी. ज्या भाषेला मान नव्हता तिच्यातच मुरासाकी शिकिबूने अकराव्या शतकाच्या आरंभी ‘गेंजी मोनोगातारी’ लिहिली, आणि आज जपानी साहित्याचे पहिले नाव म्हणून जग तीच वाचते. मुरासाकी ही सम्राट इचिजोची राणी शोशी हिच्या परिवारातली. इझुमी शिकिबू आणि आकाझोमे एमोन याही तिथल्याच. त्याच सम्राटाच्या दुसऱ्या राणीच्या, तेइशीच्या, पदरी सेई शोनागोन होती. मुरासाकीच्या रोजनिशीत शोनागोनविषयी चांगलेच खवचट शेरे आहेत. एका पिढीतल्या लेखिका एकमेकींना वाचतात, जोखतात, नावे ठेवतात आणि हे सारे लिहून राहते, ही साधी गोष्ट नव्हे.

या संपन्नतेचे श्रेय एका रुक्ष सवयीलाही द्यावे लागते. ९०५ साली सम्राटाच्या आज्ञेने ‘कोकिनशू’ हा वाकांचा संग्रह सिद्ध झाला. वीस भाग, सुमारे अकराशे कविता. संपादकांनी बहुतेक ठिकाणी कवीचे नाव दिले, आणि अनेक कवितांच्या आधी चार शब्दांत प्रसंगही सांगितला : कुणाला पाठवली, कोणत्या ऋतूत, कोणत्या स्पर्धेत म्हटली. पुढच्या राजसंग्रहांनी ही रीत चालू ठेवली. तिच्यामुळेच इझुमी शिकिबूची कविता वाचताना मेलेल्या प्रियकरासाठी केलेली कविता कोणती आणि लेकीच्या मृत्यूनंतरची कोणती, हे कळते. जिथे ही नोंद नाही तिथे काय होते तेही तिकडेच पाहायला मिळते. नवव्या शतकातली ओनो नो कोमाची ही सहा श्रेष्ठ प्राचीन कवींच्या मालिकेतली एकमेव स्त्री. ‘कोकिनशू’त तिच्या अठरा कविता आहेत, आयुष्य मात्र जवळजवळ कोरे आहे. ती पोकळी पुढच्या शतकांनी भरून काढली. ती अप्रतिम सुंदर होती, निष्ठुर होती, प्रियकराला तिने शंभर रात्री दाराशी ताटकळवले आणि म्हातारपणी ती भीक मागत हिंडली, अशा कथा रचल्या गेल्या, नोह नाटकांत गाजल्या, आणि कवितांपेक्षा त्याच लोकांच्या तोंडी राहिल्या. पुरुषाला गर्विष्ठ बाईची फजिती पाहायला आवडते, एवढेच या कथा सांगतात. कोमाचीविषयी त्या काहीच सांगत नाहीत.

आता आपल्या भूमीकडे वळू. हाल सातवाहनाच्या नावे असलेली ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह ‘कोकिनशू’च्या कित्येक शतके आधीचा. दोन ओळींच्या सातशे गाथा, राजाने वेचून घेतलेल्या, आणि त्यांतल्या कितीतरी बाईच्या तोंडच्या. शेतावर राखण करणारी, परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी, सासूच्या डोळ्यांत धूळ फेकणारी, मैत्रिणीला शहाणपण शिकवणारी अशा बायका इथे बोलतात, आणि त्या कापसाच्या, साळीच्या, तिळाच्या रानांत उभ्या राहून बोलतात. टीकाकारांनी काही गाथांपुढे कवींची नावे दिली आहेत, त्यांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, रोहा, शशिप्रभा अशी स्त्रियांची नावे आढळतात. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली सप्तशती मराठी वाचकापुढे मोठ्या व्यासंगाने मांडली, तेव्हापासून ही नावे आपल्याकडे अभिमानाने घेतली जातात. अभिमान रास्त आहे, पण हातात काय आहे ते पाहावे. नावापलीकडे काहीच नाही. रेवा राजवाड्यातली की खेड्यातली, तिची गाथा कुणापुढे म्हटली गेली, यातले काहीही उरलेले नाही. गाथेतला आवाज बाईचा आहे म्हणून रचणारी बाईच असेल, असेही म्हणता येत नाही. जपानात ‘कोकिनशू’चा एक संपादक की नो त्सुरायुकी याने पुढे आपल्या प्रवासाची रोजनिशी बाईच्या भूमिकेतून, बाईच्या भाषेत लिहिली, आणि तिला साहित्यात मानाचे स्थान मिळाले. बाईचा आवाज काढणे ही पुरुषांची जुनी कला आहे. म्हणून नुसत्या आवाजावरून कवयित्री सिद्ध होत नाही, तिच्यासाठी साक्षीदार लागतो.

महदाइसा जिथे गायली त्या विदर्भापुरते बोलायचे तर इथे साक्षीदार कमी नव्हते, फक्त ते भलत्याच गोष्टींचे होते. नागपूरजवळचे नगरधन म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन. पाचव्या शतकात तिथून प्रभावतीगुप्ता या विधवा राणीने मुलांच्या वतीने राज्य केले. तिचे नाव, तिचे माहेर, तिचे दान हे सगळे ताम्रपटांवर कोरलेले आहे, आणि त्यांतला एक ताम्रपट सापडला तो रिद्धपूरला, ज्या गावाशी या पुस्तकाचा पुढे सतत संबंध येणार आहे. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या नावे ‘सेतुबंध’ हे प्राकृत महाकाव्य आहे. म्हणजे राणीची नोंद आहे कारण तिने जमीन दिली, राजाची आहे कारण तो राजा होता. त्यांच्या दरबारात एखादी बाई कविता करत असलीच तर ती लिहून ठेवण्याचे कारण कुणाला पडले नाही. पुढे दहाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे ‘कोकिनशू’च्याच पिढीत, राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त ठणकावून सांगितले की कवित्व हा आत्म्याचा संस्कार आहे, त्याला स्त्री-पुरुष भेद ठाऊक नाही. राजकन्या, मंत्रिकन्या, गणिका या शास्त्रात निपुण आणि कवी असल्याचे आपण पाहिले आहे, असेही तो म्हणतो. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न त्याने विदर्भातल्या वत्सगुल्मात, आजच्या वाशीमला लावले, हे वाशीमकरांनी विसरू नये. त्याची पत्नी अवंतिसुंदरी स्वतः विदुषी होती. तिची मते तो ग्रंथात आदराने उद्धृत करतो आणि ‘कर्पूरमंजरी’ हे प्राकृत सट्टक तिच्याच इच्छेने रंगभूमीवर आले असे सांगतो. आणि तरी अवंतिसुंदरीची कविता कुठे आहे? नवऱ्याच्या ग्रंथातली काही मते आणि हेमचंद्राच्या देशी शब्दकोशातले उल्लेख, एवढाच तिचा संसार. ज्या माणसाने स्त्रियांच्या कवित्वाची सर्वांत उघड बाजू घेतली, त्याच्या घरातल्या कवयित्रीची ही गत आहे.

या पार्श्वभूमीवर महदाइसेचे वेगळेपण उठून दिसते. महानुभाव पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांची ती चुलत बहीण. लहानपणीच विधवा झाली, आधी रामदेव दादोसांची शिष्या होती, त्यांच्यामुळेच पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्यापर्यंत पोहोचली आणि स्वामींच्या परिवारात राहिली. स्वामींच्या आठवणींच्या, म्हणजे लीळांच्या, ‘लीळाचरित्र’ या ग्रंथात ती वारंवार येते ती प्रश्न विचारणारी म्हणून. तिची चौकस वृत्ती स्वामींना ठाऊक होती आणि जिज्ञासू म्हणून त्यांनी तिची वाखाणणीही केली. हे प्रश्न साधे नाहीत. आचार असाच का, देवतांचे स्वरूप काय, अमक्या ठिकाणी जावे की जाऊ नये, याविषयी ती खोदून खोदून विचारते आणि समाधान झाल्याशिवाय सोडत नाही. चक्रधर गेल्यावर परिवार रिद्धपूरला त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्यापाशी आला. पंथातल्या म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्याने जे पाहिले-ऐकले त्याला विचारून लीळा गोळा केल्या, आणि नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली त्या रिद्धपुरात लिहून काढल्या. मूळ पोथी पुढे खिलजींच्या धामधुमीत हरवली आणि शिष्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली, अशी पंथाची परंपरा सांगते. त्या स्मरणाच्या कामात हिराइसा या बाईचे नाव मोठे आहे. म्हणजे महदाइसेभोवती जी मंडळी होती, त्यांच्या लेखी कोण कुठे बसले, काय खाल्ले, कुणी काय विचारले, याची नोंद ठेवणे हीच उपासना होती. हेइआन दरबाराची चार शब्दांची टीप इथे संपूर्ण लीळा झाली.

भाषेच्या बाबतीतही साम्य आहे आणि फरकही आहे. जपानात बायका बोलभाषेत लिहीत कारण चिनी त्यांना सहसा शिकवली जात नसे. रिद्धपुरात संस्कृत येणारे पंडित होते, तरी मराठी हा पंथाचा ठरवून घेतलेला निर्णय होता. पंथातले पंडित केशिराज यांना संस्कृतात ग्रंथ करायचे होते तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले, आणि कारण दिले ते असे की त्यामुळे माझ्या म्हाताऱ्या वंचित होतील. ‘स्मृतिस्थळ’ या पंथाच्या ग्रंथातला हा प्रसंग मराठीच्या गौरवाच्या भाषणांत नेहमी येतो, पण त्यातल्या म्हाताऱ्या भाषणाबाहेर राहतात. त्या कोण होत्या? महदाइसा त्यांच्यापैकीच एक. ज्या वाचकांसाठी मराठी निवडली गेली त्यांच्यातूनच मराठीची पहिली नामवंत कवयित्री आली, हा योगायोग नाही.

धवळ्यांचा प्रसंग आता जवळून पाहू. गोविंदप्रभू हे लौकिक अर्थाने विक्षिप्तच. रिद्धपूरच्या गल्ल्यांतून लहान मुलासारखे हिंडत, कुणाच्याही घरात शिरत, मनात येईल ते मागत. एकदा त्यांना लग्नाची हौस आली. भक्तांनी ती मानली, लग्नाचा थाट केला, आणि महदाइसेला धवळे म्हणायची आज्ञा झाली. धवळे म्हणजे लग्नात वराला उद्देशून गायची गाणी. तिने त्याच वेळी रचून म्हटले ते रुक्मिणी-कृष्णाच्या लग्नाचे धवळे. हे साधारण १२८६-८७ च्या सुमारास, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधी. पूर्वार्ध या प्रसंगी झाला, उत्तरार्ध मागाहून. उत्तरार्धात दुसऱ्या हातांचा भाग किती, याविषयी अभ्यासकांत चर्चा आहे. कथा भागवताच्या दशमस्कंधातली, सगळ्यांना पाठ असलेली : विदर्भाचा राजा भीमक, शिशुपालाला बहीण द्यायला निघालेला रुक्मी, ब्राह्मणाहाती कृष्णाला निरोप धाडणारी रुक्मिणी, अंबिकेच्या देवळापासचे हरण. नुसती संहिता वाचली तर ही एक गोड, गेय, थोडी घरगुती कथनकविता वाटते, आणि बहुतेक वाङ्मयेतिहासांनी तेवढेच म्हणून तिला पुढे ढकलले आहे.

प्रसंग शेजारी ठेवला की तीच कविता बदलते. पहिली गोष्ट वराची. महानुभाव ज्यांना परमेश्वराचे अवतार मानतात त्या पंचकृष्णांत श्रीकृष्ण आहेत तसे गोविंदप्रभूही आहेत. म्हणजे गाणारी कृष्णाच्या लग्नाचे गाते तेव्हा बाशिंग बांधलेला वर तिच्यासमोर बसलेला आहे, आणि तिच्या श्रद्धेनुसार तो वेगळा कुणी नाही. प्रत्येक ओळीला दोन नवरदेव आहेत. दुसरी गोष्ट नवरीकडच्या मुलखाची. रुक्मिणीचे माहेर कौंडिण्यपूर आणि धवळे जिथे गायले ते रिद्धपूर, दोन्ही आजच्या अमरावती जिल्ह्यात. श्रोत्यांच्या दृष्टीने ही पुराणातली परकी राजकन्या नव्हती, पंचक्रोशीतली लेक होती. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती अगदी उघड असूनही तिच्यावर फारसे कुणी थांबलेले नाही. गाणारी विधवा आहे. विधवेची सावली लग्नमंडपात पडू नये असे मानणाऱ्या समाजात, लग्नातली सर्वांत मंगल गाणी म्हणण्याचा हुकूम एका बालविधवेला होतो आणि ती ते म्हणते. स्वतःच्या आयुष्यात जे लग्न तिला समजायच्या आत संपले, त्याचा सोहळा ती रुक्मिणीच्या निमित्ताने इत्थंभूत मांडते : नवरीची तगमग, निरोप पोहोचेल की नाही याची धाकधूक, वेळेवर आलेला वर. हे तिने हेतुपुरस्सर केले असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला आधार नाही. पण ऐकणाऱ्यांना गाणारी कोण हे ठाऊक होते, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, त्यांनी तो प्रसंग जपला.

त्याच काळात खऱ्याखुऱ्या दरबारात काय चालले होते याचीही एक कथा पंथाने जपली आहे. देवगिरीच्या रामदेवरायाच्या सभेत नरेंद्र हा कवी होता. त्यानेही १२९२ च्या सुमारास ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. ते ऐकून राजा इतका खूश झाला की सोने देऊन काव्य आपल्या नावावर मागू लागला. नरेंद्राने नकार दिला, पाठ असलेल्या ओव्या घेऊन तो बाहेर पडला आणि पुढे महानुभाव झाला. कथेतले अक्षर न् अक्षर खरे असेल असा माझा आग्रह नाही, पण तिच्यातली जाणीव खरी आहे. दरबारात कवीचे नाव विकत मागितले जाई आणि रिद्धपूरच्या मठात विधवेचे नाव तिच्या गाण्याला चिकटून राही. एकाच विषयावरच्या दोन कविता, अवघ्या काही वर्षांच्या अंतराने झालेल्या. दोघांच्याही नावाला अखेर आधार मिळाला तो एकाच मंडळीचा.

इथे पहिला आक्षेप अपेक्षित आहे. महदाइसा दरबारी कवयित्री नव्हती, मग तिला क्योतोच्या दरबारी स्त्रियांशेजारी बसवायचे कशाला? माझे उत्तर असे की दरबार म्हणजे केवळ महाल नव्हे. एक केंद्रस्थानी व्यक्ती, तिच्याभोवती सुजाण श्रोत्यांचा परिवार, त्या परिवाराचे रीतिरिवाज आणि रुसवेफुगवे, प्रसंगी तत्काळ कविता करण्याची अपेक्षा आणि झालेल्या कवितेची नोंद, या गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे दरबारी कविता निर्माण होते. गोविंदप्रभूंना राऊळ म्हणत आणि रिद्धपूरच्या त्यांच्या स्थानाला आजही राजमठ म्हणतात. भेदही मान्य केला पाहिजे. हेइआन कवयित्री स्वतःच्या प्रेमाविषयी आणि स्वतःच्या मत्सराविषयी बोलते. महदाइसा स्वतःविषयी चकार शब्द काढत नाही. तिचे मन तिच्या कवितेपेक्षा लीळांतल्या तिच्या प्रश्नांत अधिक सापडते, म्हणूनही दोन्ही एकत्र वाचायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक कडक आहे. धवळे ही लोकगीते, मौखिक, स्त्रियांच्या परंपरेतून आयती आलेली. त्यांत कवयित्रीचे असे काय? धवळे हा प्रकार तिच्या आधीपासून होता हे खरेच. पण प्रकार आयता मिळणे आणि त्यात सलग कथानक उभे करणे यांत अंतर आहे. शिवाय तिच्या नावावर ‘मातृकी रुक्मिणीस्वयंवर’ही आहे. मातृकी म्हणजे वर्णमालेच्या क्रमाने ओव्यांची आद्याक्षरे गुंफलेली रचना. पुढचे अक्षर कोणते हे आधीच ठरलेले, आणि कथा मात्र त्या अक्षरासाठी अडता कामा नये. गोष्ट नेमकी जिथे वळते तिथे एखादे नाठाळ अक्षर समोर येते आणि त्याला साजेसा, ओढून न आणलेला शब्द शोधावा लागतो. हा अक्षर ओळखणाऱ्या माणसाचा खेळ आहे. जपानात नारिहिरा या कवीने आयरिसच्या फुलाचे ‘काकित्सुबाता’ हे नाव पाच अक्षरांत फोडून वाकेच्या पाच ओळींच्या आरंभी बसवले, ते ‘इसे मोनोगातारी’त आजही कौतुकाने वाचले जाते. महदाइसेने अख्खी वर्णमाला पेलली. धवळ्यांची उत्स्फूर्तता आणि मातृकीची कसरत एकाच बाईची आहे हे लक्षात घेतले की ‘भोळीभाबडी गाणी’ हा शिक्का गळून पडतो. काव्य म्हणून मातृकी धवळ्यांच्या तोडीची नाही, हेही स्पष्ट सांगितलेले बरे.

तिसरा आक्षेप साधनांवरचा. लीळाचरित्र, गोविंदप्रभुचरित्र, स्मृतिस्थळ हे पंथाचे ग्रंथ. श्रद्धेने लिहिलेल्या नोंदीवर इतिहास कसा उभारायचा? सावधगिरी हवीच. पण हे ग्रंथ नुसते गुणगान करत नाहीत. अवताराचे चमत्कारिक वागणे, शिष्यांची भांडणे, आचार्यांची चूक, हे सगळे त्यांनी ठेवले आहे. एकाच लीळेचे दोन पाठ मिळाले तर दोन्ही सांगण्याची त्यांची वृत्ती आहे. ज्याला आदर्श चित्र रंगवायचे असते तो इतकी अडचणीची सामग्री जवळ बाळगत नाही. नोंदीची खरी मर्यादा वेगळी आहे : महदाइसेचे आयुष्य गुरूंना स्पर्श करते तेवढेच नोंदीत येते. तिचे बालपण, सासर, एकांत हे कुठेच नाही. तिकडे जपानातही असेच : मुरासाकीचे खरे नावही आज कुणाला ठाऊक नाही. नोंदवहीसुद्धा तिच्या मालकाच्या गरजेपुरतीच लिहिली जाते.

या अभ्यासाचा इतिहासही विदर्भाबाहेर कमी ठाऊक आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत दडवून ठेवले, त्यामुळे कित्येक शतके मराठी जगाला त्यांचा पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, वि. ल. भाव्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’त या वाङ्मयाला जागा दिली, यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी त्याचा पसारा मांडला. हा शोधाचा टप्पा, आणि त्यात भर होता तो प्राचीनतेवर. वा. ना. देशपांड्यांनी धवळे संपादून महदाइसेला ‘आद्य मराठी कवयित्री’ म्हणून लोकांपुढे आणले तेही याच काळात. दुसरा टप्पा पाठचिकित्सेचा, आणि तो मुख्यतः नागपूरचा. ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी पोथ्यांमागून पोथ्या ताडून लीळाचरित्राचे पाठ सिद्ध केले. कोलत्यांची शिस्त आजही ओलांडता येत नाही. तिसरी दिशा ॲन फेल्डहाउस यांची. त्यांनी गोविंदप्रभुचरित्र १९८४ मध्ये इंग्रजीत नेले, शं. गो. तुळपुळ्यांबरोबर जुन्या मराठीचा कोश सिद्ध केला आणि या वाङ्मयाकडे माणसांच्या, गावांच्या, वाटांच्या अंगाने पाहिले. चौथी धारा स्त्रीगीतांच्या अभ्यासाची. सरोजिनी बाबर, तारा भवाळकर यांनी जात्यावरच्या आणि मंडपातल्या गाण्यांना वाङ्मयाचा दर्जा मागितला. या चार धारांनी एकमेकींचे पाणी फारसे चाखलेले नाही. पाठचिकित्सकाला गाणे ऐकू येत नाही आणि लोकगीतांच्या अभ्यासकाला पोथीची भीती वाटते, असे काहीसे झाले आहे.

आज हे पुन्हा मांडण्याची निकड आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आले. दोन्ही आनंदाच्या गोष्टी. मात्र दर्जाच्या निमित्ताने झालेली बहुतेक चर्चा भाषा किती जुनी यावरच अडकली, आणि जुनेपणाच्या पुराव्यात गाथेतल्या बायका व महदाइसा यांची नावे यादीपुरती घेतली गेली. यादीतल्या नावाला वाचक लागत नाही. जपानने आपल्या कवयित्री शाळेतल्या मुलांपर्यंत नेल्या. जुन्या शंभर कवींची एकेक कविता निवडलेला एक संग्रह तिथे घरोघरी पत्त्यांच्या खेळात खेळला जातो, आणि त्यात कोमाची, इझुमी, मुरासाकी, शोनागोन सगळ्या आहेत. आपल्याकडे विद्यापीठातला पदवीधरसुद्धा धवळ्यांचे एक कडवे म्हणून दाखवील याची खात्री देता येत नाही.

हे पुस्तक त्या दिशेने एक मर्यादित प्रयत्न करते. धवळ्यांची संहिता त्यांच्या प्रसंगाशेजारी ठेवणे, लीळांत विखुरलेली महदाइसा एका जागी आणणे, आणि तिच्याभोवतीच्या आबाइसा, उमाइसा, हिराइसा या स्त्रियांचा परिवार डोळ्यांसमोर उभा करणे, एवढाच त्याचा आवाका आहे. कठीण शब्दांचे अर्थ दिले आहेत, पण ओळी आजच्या मराठीत उतरवून मूळ बाजूला सारण्याचा मोह टाळला आहे. जिथे पाठांत मतभेद आहेत तिथे ते उघड सांगितले आहेत. मुक्ताबाई आणि जनाबाई यांच्याशी तुलना मुद्दाम थोडक्यात आटोपली आहे. वारकरी कवयित्रींवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि महदाइसेला दर वेळी त्यांच्या मापाने मोजण्याने तिचे नुकसानच झाले आहे.

नव्या वाचकाला सुचवणे एवढेच की धवळे मनातल्या मनात वाचू नयेत, मोठ्याने म्हणावेत. पहिल्या दहा-बारा कडव्यांपर्यंत भाषा अडते, नंतर चाल हाताशी धरून नेते. आणि एक विनंती जाणकारांना. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात अजून कितीतरी मठांत आणि घरांत महानुभावी पोथ्या बासनात आहेत. ओल, वाळवी आणि वाटण्या यांत त्या दरवर्षी कमी होत आहेत. ज्यांच्याकडे अशी पोथी असेल त्यांनी ती कुणाला देऊ नये, पूजेतूनही काढू नये, पण जाणत्या अभ्यासकाला एकदा उघडून तिची छायाचित्रे मात्र जरूर घेऊ द्यावीत. धवळ्यांच्या उत्तरार्धाचा प्रश्न सुटला तर तो अशाच एखाद्या बासनातून सुटेल.

कळमना, नागपूर